रांगेतली निळी गाडी

एमिलने गाडी पहिल्यांदा बंद पाडली ती चर्चच्या आवाराच्या तोंडाशी, दुसऱ्यांदा ओळखीच्या रे दुडेकच्या ट्रकशेजारी आणि तिसऱ्यांदा थेट बापाच्या पुढ्यात.

"क्लच," त्याची बायको कॉरिन ओठ न हलवता म्हणाली.

"माहीत आहे गं."

"माहीत आहे तर दाब ना."

मागे उलट्या तोंडाच्या खुर्चीत बांधलेली हेला भलतीच खूश होती. गाडीने गचका खाल्ला की ती "आणिक!" म्हणून ओरडायची. वीस महिन्यांच्या पोरीला एवढं कळत होतं की या गाडीत काहीतरी घडतं. जुन्या गाडीत काही घडायचं नाही. ती नुसती चालायची, दिवाणखाना चालावा तशी.

संत ख्रिस्तोफर म्हणजे प्रवाशांचा रखवाला; त्याच्या रविवारी चर्चमध्ये गाड्यांना आशीर्वाद मिळायचा, आणि त्या रांगेत वोलाक कुटुंबाच्या गाड्या कशा उभ्या राहायच्या, हे ठरलेलं होतं. आधी जाजांची, म्हणजे हेलाचे आजोबा चेस्टर यांची, रुपेरी, डोंगराएवढी गाडी, तिच्यामागे एमिलची, रंगाने आणि आकाराने अगदी तशीच, आणि शेवटी लॉरेटाची लाल. तिन्ही गाड्या गाव पोसणाऱ्या एकाच कारखान्यातल्या. आजही जाजांनी मधली जागा दोन घडीच्या खुर्च्या मांडून धरून ठेवली होती. गुरुवारी फोनवर एमिल म्हणाला होता, "बाबा, मी गाडी बदलली." जाजा म्हणाले होते, "रविवारी बघू," आणि फोन ठेवला होता. तरी खुर्च्या त्यांनी मोठ्या गाडीच्याच मापाने मांडल्या होत्या. त्या जागेत ही बुटकी, निळी, आखूड शेपटीची, सात वर्षांची जपानी गाडी जाऊन उभी राहिली तेव्हा ती एखाद्या पाहुण्याच्या बुटासारखी दिसायला लागली.

"आले आमचे राजे!" लॉरेटाने टाळ्या वाजवल्या. एमिलची थोरली बहीण होती ती, टाळी आणि टोमणा तिला एकाच वेळी जमायचे. "एमिल, अरे रथ कुठाय आणि ही चप्पल कसली आणलीस?"

"पोराचा काही दोष नाही," रे दुडेक आपल्या ट्रकला टेकून म्हणाला. "चेस्टरने त्याची तीनचाकी चिरडली तेव्हापासून त्याला मोठ्या गाडीचं भय आहे!"

आसपासचे सगळे हसले. दर वर्षी या रविवारी कुणीतरी तीनचाकीचा विनोद करायचंच. एमिल चार वर्षांचा असताना जाजांनी गाडी मागे घेताना त्याची लाल तीनचाकी पार सपाट केली होती आणि पोरगं दोन दिवस जेवलं नव्हतं. सारं चर्च ही गोष्ट पाठ म्हणायचं. जाजाही हसायचे. बुशा, म्हणजे हेलाची आजी, मात्र अशा वेळी हटकून पर्समध्ये काहीतरी शोधायच्या. आजही शोधत होत्या.

कॉरिनने ते पाहिलं. पाहणं हा तिचा रोगच होता. कोणाच्या हातात गरम कप आहे, कुठल्या दाराची कडी सैल आहे, टेबलाचा कोपरा हेलाच्या कपाळाच्या बरोबर उंचीला येतो की नाही, हे तिला खोलीत पाऊल टाकताच दिसायचं. सासरी यावरून तिची थट्टा व्हायची. ती द्राक्षाचे चार तुकडे करायची म्हणून लॉरेटा तिला 'सर्जनबाई' म्हणायची.

आणि आज या सर्जनबाईंनी नवऱ्याला पुढे केलं होतं. "माझ्यावर येऊ दे," एमिल म्हणाला होता. "माझ्याकडून त्यांना मूर्खपणाची सवय आहे. मासेमारीची बोट घेतली तेव्हाही बोललेच होते." ती हो म्हणाली होती, आणि घरापासून चर्चपर्यंतच्या चार मैलांत त्या 'हो'ची तिला लाज वाटत आली होती.

जाजा गाडीभोवती फिरू लागले. चौतीस वर्षं कारखान्यात त्यांचं काम एकच होतं: दार आणि गाडीचं अंग यांच्यातली फट अंगठ्याने तपासायची. निवृत्त झाले तरी अंगठा काही निवृत्त झाला नव्हता. कुणाचीही नवी गाडी दिसली की तो आपोआप दाराच्या कडेवरून फिरायचा. आत्ताही फिरला. मागच्या दारापाशी थांबला आणि परत वर गेला.

"बरं बसवलंय," ते नाइलाजाने म्हणाले.

"चेस्टर!" बुशा म्हणाल्या.

"अगं, बरं बसवलंय ते बरंच म्हणणार ना. शत्रूचं असलं म्हणून काय झालं?" मग मुलाकडे वळून, "जुन्या गाडीचे पाच वर्षांचे हप्ते राहिले होते. ते कसे मिटवलेस?"

"डीलरने गाडी घेतली. फरक पडला तो बोट विकून भरला."

लॉरेटाचं हसू थांबलं. "बोट विकलीस? तू?"

कॉरिनच्या लक्षात आलं, इथेच सगळं फिसकटणार. या एमिलने एकदा बहिणीचं लग्न सोडून मासेमारीची स्पर्धा गाठली होती. तो एका खेळण्यासाठी दुसरं खेळणं विकेल, हे कुणालाच पटणारं नव्हतं. जाजांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. एमिल अजून आतच अडकून होता. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही अंगांनी वर आले होते.

"सीट इतकी पुढे का?"

"मला अशीच आवडते."

"गुडघे कानाला लागलेत तुझे."

"बाबा, मागे सरकवायची दांडी सापडत नाही मला," एमिल हळूच म्हणाला.

"चार दिवस गाडी चालवतोयस आणि दांडी सापडत नाही?" जाजांनी दार आणखी उघडलं. "उतर. ही गाडी तुझी नाही."

रांगेत पुढे फादर कुलिक पवित्र पाण्याची बादली आणि कुंचला घेऊन पायऱ्या उतरत होते. वोलाकांची पाळी यायला अजून दहा-बारा गाड्या होत्या. गप्प बसलं असतं तर त्या दहा-बारा गाड्यांत विषय निघूनही गेला असता. कॉरिनने हेलाला खुर्चीतून काढून कडेवर घेतलं.

"माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी?" लॉरेटाने तिच्याकडे नव्याने पाहिलं. "सहा गिअरची? ही असली? तू?"

"आमच्याकडे आईची जुनी गिअरवाली होती. मी तिच्यावरच शिकले."

"अगं पण का?" बुशांचा आवाज दुखावलेला होता. "तू किती जपणारी! आणि पोरीला घालून असल्या डबीत... धडक बसली तर? ती गाडी म्हणजे किल्ला होता, किल्ला. ह्यांनी त्या वर्षीचा कारखान्याच्या सवलतीचा शेवटचा कागद तुम्हाला दिला. लॉरेटाने आधी मागितला होता."

"जाऊ दे आई," लॉरेटा म्हणाली. पण तिने हाताची घडी घातली. मनातली घडी तर दोन वर्षं तिथेच होती.

"पेट्रोल कमी लागतं," कॉरिन म्हणाली. "माझं कामाचं हॉस्पिटल पस्तीस मैल. रोज जाऊन येऊन..."

"पेट्रोल वाचवायला कुणी ही गाडी घेत नाही पोरी," जाजा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दाराच्या फटीकडे पाहताना असायचं तसलंच, नाक खुपसणारं कुतूहल होतं. "खरं काय ते सांग."

खरं सांगायचं म्हणजे त्यांनी दिलेल्या गाडीबद्दल सांगायचं. आणि त्याहून अवघड, स्वतःबद्दल. एप्रिलपासून ती ते पोटात ठेवून हिंडत होती. एमिललाही तिने एवढंच सांगितलं होतं की मला बुटकी गाडी हवी. त्याने दोन दिवस तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोट विकायला काढली. कारण विचारलं नाही. त्या न विचारण्यानेच तिला जास्त छळलं होतं.

"एप्रिलमधली गोष्ट आहे," ती म्हणाली. "सकाळची. हेला एमिलजवळ आहे असं मला वाटलं, आणि एमिलला वाटलं माझ्याजवळ आहे. मी गाडीत बसले, चालू केली, गिअर टाकला. तेवढ्यात पायरीवर एक बूट दिसला. पिवळा. एकच. मला वाटलं, घरात काढला असता तर दोन्ही काढले असते. बाहेर येताना एक पडला असणार. म्हणून गाडी बंद केली आणि उतरले." तिने श्वास घेतला. "हेला गाडीच्या पुढे उभी होती. नंबरप्लेटवर हात ठेवून. चकचकीत जाळीत स्वतःचं तोंड बघत होती. मी आत बसून समोरच बघत होते, आणि मला ती दिसत नव्हती. उभी असून दिसत नव्हती."

मागे कुणाच्या तरी गाडीत रेडिओवर बेसबॉलची कॉमेंट्री चालू होती.

एमिल गाडीतून बाहेर आला. "मला का नाही सांगितलंस?"

"मग तू तिला परत माझ्या हातात दिलं असतंस का?"

"कॉरिन..."

"नाही, सांग ना. मला खरंच माहीत नाही."

हेलाने त्याच्याकडे हात पसरले होते. त्याने तिला घेतलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं, आणि क्षणभर थांबून, सावकाश, पुन्हा कॉरिनच्या कडेवर दिलं.

"शक्य नाही," जाजा म्हणाले.

"चेस्टर, ती काय खोटं बोलतेय?"

"खोटं कोण म्हणतंय? पण मोजल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही." खिशातून त्यांची मोजपट्टी निघाली. ती चर्चच्या कोटातही असायची. "आण तिला इकडे."

हेलाला निळ्या दाराला पाठ लावून उभं केलं. तिने पट्टीचं टोक चावून पाहिलं, आवडलं नाही. "बत्तीस इंच," जाजा म्हणाले. मग त्यांनी एक खुर्ची घडी घालून उभी धरली, खुर्चीच्या माथ्यावर आपली टोपी ठेवली, पुन्हा मोजलं आणि टोपी जराशी दाबली. "झालं. ही हेला. एमिल, धर ही माझ्या गाडीच्या नाकाला लावून. कॉरिन, बस आत."

ती चढून बसली. तीच उंची, तोच वास, आपण जगाच्या वर बसलोय असं सांगणारी तीच मऊ सीट. समोर बॉनेटचं रुपेरी मैदान.

"दिसते टोपी?"

"नाही."

"एमिल, एक फूट मागे. आता?"

"नाही."

"आणखी."

पाच फुटांवर रे दुडेक म्हणाला, "चेस्टर, पोरगं जरा आणखी मागे गेलं तर खुर्ची कॅनडात पोचेल." सातव्या फुटाला त्याने तोंड बंद केलं. त्याला चार नातवंडं होती. साडेनऊ फुटांवर बॉनेटच्या कडेवर टोपीचा माथा उगवला.

"दिसली."

जाजांनी पट्टी दोनदा वाचली. मग कॉरिनला उतरवून स्वतः चढले. ते उंच होते, त्यांना टोपी साडेसात फुटांवर दिसली. ते आत बसूनच राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. याच गाडीतून ते दर मंगळवारी हेलाला खेळायला न्यायचे.

"आता ही," त्यांनी निळ्या गाडीकडे बोट दाखवलं. तिथे कॉरिनला टोपी सव्वातीन फुटांवर दिसली. टोपीच काय, खुर्चीचा गंजलेला स्क्रूही दिसला.

जाजा उतरून आले. "चौतीस वर्षं मी फटी मोजल्या," ते म्हणाले. "कागदाच्या जाडीच्या फटी. समोरचं कधी मोजलं नाही. मी विचारलंही नाही. शेवटचा कागद, सगळ्यात मोठी गाडी... मला वाटलं, पोरीला किल्ला देतोय."

"तुम्ही चांगल्यासाठीच दिलीत, जाजा."

"ते माहीत आहे मला. चांगल्याला विचारतंय कोण? साडेनऊ फूट म्हणजे साडेनऊ फूट."

"बरं झालं मग, कागद मला नाही दिलात," लॉरेटा म्हणाली. म्हणताना तिने हाताची घडी सोडली आणि मागच्या सीटवर आपल्या लहान जुळ्यांच्या चपला पडलेल्या लाल गाडीकडे पाहिलं. "बाबा, ती पट्टी जरा माझ्या गाडीलाही लावा."

बुशा इतका वेळ पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. कॉरिन वाट पाहत होती, आता येईल. 'आई असून लक्ष कुठे होतं?' हे वाक्य तिने स्वतःलाच इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याचे शब्द तिला पाठ होते.

"तीनचाकी मी चिरडली," बुशा म्हणाल्या.

"काय?" एमिल म्हणाला.

"जेनी," जाजा घाईने बुशांना म्हणाले, "आता ते कशाला?"

"बत्तीस वर्षं ऐकतेय मी तो विनोद. पुरे झाला." त्यांनी रे दुडेककडे असं पाहिलं की तो आपल्या ट्रकचा आरसा पुसायला लागला. "गाडी मी मागे घेत होते. हे घरात होते. आणि एमिल त्या तीनचाकीवर होता. घंटा पडली म्हणून उचलायला उतरला. मला कडकड आवाज आला तेव्हा तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. उतरून पाहीपर्यंत..." त्या थांबल्या. "थोरल्या बुशा, ह्यांच्या आई, तेव्हा आमच्याकडेच राहायच्या. त्यांच्या हाती हे लागलं असतं तर मरेपर्यंत त्यांनी मला सोडलं नसतं. हे बाहेर आले, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि म्हणाले, मी चिरडली."

"मी घेतली किल्ली," जाजा म्हणाले. "पण परत देत होतो. तूच घेतली नाहीस."

कॉरिनला एकदम सगळं दिसलं. बुशा गाडी चालवत नाहीत, हे या घरात बर्फ पांढरा असतो तसं होतं. लग्नाला पाच वर्षं झाली, का चालवत नाहीत ते तिने कधी विचारलं नव्हतं. एवढं सगळं पाहणारी ती, आणि शेजारच्या सीटवर बसलेली बाई तिला दिसली नव्हती.

एमिल आईकडे पाहत होता, मग बापाकडे. "म्हणजे मी दोन दिवस जेवलो नाही ते..."

"तू जेवलास की," बुशा म्हणाल्या. "मी जेवले नाही."

पुढची रांग हलली. फादर कुलिकनी दुडेकच्या ट्रकवर कुंचला झटकला आणि वोलाकांना खूण केली.

"चला, चला," जाजा आपल्या गाडीकडे निघाले. मग थबकले, एमिलला म्हणाले, "तू माझ्याबरोबर ये. पुढे उभा राहा आणि मी जाईपर्यंत कुणाला मध्ये येऊ देऊ नकोस." एमिल निघाला, आणि जाता जाता निळ्या गाडीची किल्ली बायकोच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवून गेला.

कॉरिनने हेलाला मागे बांधलं. पट्टा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. पुढे येऊन बसली तर शेजारचं दार उघडलं. बुशा वाकून, एका हाताने टोपी सांभाळत आत शिरल्या.

"अगं बाई, केवढी खाली आहे ही! बाथटबात बसल्यासारखं वाटतंय." दार ओढून घेतलं. समोर पाहिलं. बराच वेळ. "सगळं दिसतं की."

"हो."

"ते कबूतरसुद्धा."

"हो."

"एक सांग." बुशांनी आवाज उतरवला, जणू पुढच्या गाडीतून जाजा ऐकतील. "बुटक्या गाड्या साध्याही मिळतात. म्हाताऱ्यांच्या, राखाडी. तू हीच का घेतलीस?"

एप्रिलची सकाळ सांगणं त्या मानाने सोपं होतं, हे कॉरिनला आत्ता कळलं. भीतीला निदान मान असतो. "तीही बघितली, राखाडी," ती म्हणाली. "घ्यायलाच गेले होते. ही शेजारी उभी होती. एका निवृत्त संगीतशिक्षिकेची; त्याही विकायलाच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सहज फिरवून बघ. मी दुसऱ्या गिअरवर एका वळणावरून आले आणि... हेला झाल्यापासून पहिल्यांदाच मी काही मोजत नव्हते." तिने मान खाली घातली. "आवडली म्हणून घेतली, बुशा."

बुशांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. हातमोज्यातली बोटं त्यावर आपोआप नीट बसली. कशी बसायची हे ती विसरली नव्हती.

"आमच्या वेळी चारच असायचे," त्या म्हणाल्या. "दाब क्लच. पहिला मी टाकते."

कॉरिनने क्लच दाबला. दांडा एकदाच, आवाज न करता पुढे सरकला. पाण्याचे थेंब काचेवर आडवे आले, हेलाने मागून "आणिक!" म्हणून हाक दिली, आणि गाडी गचका न खाता निघाली.

फादर कुलिक मागे पडले. पुढे जाजांच्या गाडीने उजवीकडे वळायचा दिवा लावला होता. घरी, जेवायला, नेहमीच्या वाटेने. डावीकडे नदीचा रस्ता मोकळा पडला होता.

बुशांनी मागे वळून पोरीचा पट्टा एकदा पाहिला. "घरचं सूप थांबेल," त्या म्हणाल्या. "आता दुसरा टाकू?"